रेडिओचा आवाज कमी येतो

देवराव चकोले भिलाईच्या पोलाद कारखान्यातून रिटायर झाले आणि सेक्टर सहाचं कंपनीचं क्वार्टर सोडून स्मृति नगरातल्या स्वतःच्या घरात राहायला आले. घरातलं सामान धड लागलंही नव्हतं तोच त्यांनी एक जुनी मिनीबस विकत घेतली. एका शाळेची होती, मोडीत काढलेली. ती त्यांनी खुर्सीपारच्या एका वर्कशॉपमध्ये उभी केली आणि सगळा उन्हाळा रोज स्कूटरवर जाऊन समोर बसून तिचं काम करून घेतलं. मागच्या सीटा काढल्या, आत लोखंडी पलंग बसवला, गॅसची छोटी शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. कॉलनीतले लोक तिला ‘देवरावचा बंगला’ म्हणायचे.

या खुळामागे कारण होतं. नोकरीची सगळी वर्षं देवरावांनी कारखान्याच्या आत लोको, म्हणजे रुळावरचं इंजिन चालवलं. भट्टीतून निघालेल्या पातळ लोखंडाची भांडी ओढत न्यायची, रिकामी झाली की परत आणायची. तेच रूळ, तीच वळणं. एवढी वर्षं गाडी हाकली, पण ती कारखान्याच्या भिंतीबाहेर कधी गेली नाही. आता आपल्या मर्जीनं जाऊ, मन होईल तिथं थांबू, असं ते म्हणायचे.

गाडी तयार झाली, घरासमोर कंपाउंडला लागून उभी राहिली, आणि उभीच राहिली. आज जाऊ, पोळा झाला की जाऊ, थंडी पडू दे. देवराव मात्र गाडीत राहायला लागले. आधी दुपारचा पेपर वाचायला, मग चहाला, मग झोपायलाही. घरात मुलगा नरेश, सून रीना, नात मोना आणि बायको सत्यभामाबाई अशी चार माणसं होती, पण देवरावांच्या मते त्या घरात त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. नरेश आणि रीना आपसात हिंदीत काहीतरी पुटपुटायचे. मोना यायची, तोंडातल्या तोंडात काही म्हणायची, उत्तराची वाट पाहायची आणि पळून जायची. सत्यभामाबाई तर पहिल्यापासूनच हळू बोलणाऱ्या, आणि गेल्या काही वर्षांत त्यांचं बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं. पगार घरात येत होता तोवर आपली गरज होती, आता ती संपली, असा देवरावांनी निष्कर्ष काढला होता. गाडीतही कोणी बोलत नव्हतं, पण गाडीत कोणी नव्हतंच. त्याचं वाईट वाटत नसे.

एका दिवाळीला नरेशनं रायपूरहून एक रेडिओ आणला. साधा रेडिओ नव्हता. त्याच्यासोबत पाटीएवढा चपटा अँटेना होता.

“पापा, ये सैटेलाइट वाला है,” त्यानं वडिलांच्या खांद्याला हात लावून, मोठ्यानं सांगितलं. “कहीं भी जाओ, चलेगा. मराठी स्टेशन पण आहे त्याच्यात.”

मराठी स्टेशन म्हटल्यावर देवरावांचा चेहरा उजळला. भंडाऱ्याकडचं गाव सोडून ते तरुणपणी भिलाईला आले होते. तेव्हापासून रेडिओ म्हणजे हिंदी, नाहीतर छत्तीसगढी. आकाशातून थेट मराठी गाणं उतरतं आणि तेही आपल्या गाडीत, ही गोष्ट त्यांना फार आवडली.

रेडिओ गाडीत पक्का बसवायला त्यांनी खुर्सीपारच्या धम्मपालला बोलावलं. गाड्यांच्या टेपचं आणि वायरिंगचं काम करणारा, पस्तिशीतला, शांत माणूस. बसचं वायरिंगही त्यानंच केलं होतं. त्यानं बॅटरीवरून वेगळी वायर ओढली, मध्ये फ्यूज टाकला, पलंगाच्या डोक्याशी पत्र्याची चौकट ठोकून रेडिओ तीत बसवला. हवा तेव्हा काढून बाहेर नेता येईल असा. अँटेनाची वायर खिडकीच्या रबरातून वर काढून तो टपावर चढला.

“काका, हे लक्षात ठेवा,” खाली वाकून त्यानं हातानं दाखवलं. “चालत्या गाडीत नाही वाजायचा. गाडी उभी केली की अँटेना असा आग्नेयेकडं करायचा, अन् अर्ध्या आभाळाकडं पाहील इतका उचलायचा. मधात झाड नाही पाहिजे.”

त्याच्या हातवाऱ्यांवरून देवरावांना सगळं कळलं. कारखान्यातही ते असंच चालायचं, शंटिंगवाल्याची झेंडी आणि हात. बोलायचं कामच पडत नसे.

रेडिओच्या पडद्यावर बारीक काड्या एकेक करून उभ्या राहिल्या आणि आवाज सुरू झाला. धम्मपाल हसला आणि सामान आवरून गेला.

दुसऱ्या दिवशी देवरावांनी त्याला फोन केला. “आवाज कमी येतो बापा. तबला वाजते, बाकी काही समजत नाही.”

धम्मपाल आला. अँटेना जरा हलवला, वायर तपासली, गेला. दोन दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. गाणं भिंतीपलीकडून आल्यासारखं येतं, आणि गाण्यांच्या मध्ये नुसती शांतता असते, कोणी बोलतच नाही. सॅटेलाइट कमजोर असेल, असं देवरावांचं मत पडलं. धम्मपाल तिसऱ्यांदा आला तेव्हा दुपार होती आणि गल्लीत बायका धान्य निवडत बसल्या होत्या.

“सिग्नल तर पूर्ण हाये काका,” तो म्हणाला आणि त्यानं पडद्यावरच्या काड्या दाखवल्या.

“मग आवाज वाढव.”

त्यानं वाढवला. देवरावांनी मान हलवली, आणखी. त्यानं आणखी वाढवला. आता कुठे देवरावांना एका बाईचा आवाज आल्यासारखा वाटला, शब्द मात्र नाहीत, नुसती कुरकुर. ते पुढं वाकले आणि स्वतःच बटण शेवटापर्यंत फिरवलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष खिडकीकडं गेलं. समोरच्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. रीना फाटकात आली होती. आणि गाडीच्या दाराशी सत्यभामाबाई उभ्या होत्या, दोन्ही कानांवर हात ठेवून.

धम्मपालनं रेडिओ बंद केला. मग म्हणाला, “काका, जरा तिकडं तोंड करून बसा.”

देवराव खिडकीकडं तोंड करून बसले. रस्त्यावरून एक ट्रक गेला, तो त्यांना नीट ऐकू आला. बराच वेळ झाला तरी काही होईना म्हणून ते वळले, तर धम्मपाल त्यांच्याकडंच पाहत होता.

“काही म्हणलं का तू?”

“तीनदा हाक मारली काका.” तो त्यांच्यासमोर खाली बसला आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश बोलला. “रेडिओ चांगला हाये. माझ्या बाबालेही असंच झालं होतं. भट्टीवरच होते ते. ट्रक, ढोल, सगळं ऐकू ये. माणसाचं बोलणं नाही येत.”

देवराव रागावले नाहीत. त्यांनी धम्मपालला चहा पिऊन जा म्हटलं आणि स्वतः पलंगावर बसून राहिले. त्यांना एकदम सगळं घर आठवत होतं. ओठ हलवून पळणारी मोना. आपसात पुटपुटणारे नरेश आणि रीना. कोणी पुटपुटत नव्हतं तर.

धम्मपाल गेल्यावर सत्यभामाबाई गाडीत आल्या. त्या बसमध्ये सहसा चढत नसत. चाकाच्या उंचवट्यावर त्या बसल्या, पदर सारखा केला आणि नवऱ्याच्या तोंडाकडं पाहत राहिल्या.

“तुले माहीत होतं?” देवरावांनी विचारलं.

“कमी आयकू येते हे समजत होतं जी. टीव्ही किती मोठा करता तुम्ही.” पुढचंही त्यांना मुद्दाम मोठ्यानं बोलावं लागलं, आणि ते मोठ्यानं बोलण्यासारखं नव्हतं. “पण दादाच्या वेळेसही आयकू आलं नव्हतं हे मनात नाही आलं कधी.”

“कोणत्या वेळेस?”

“किस्नादादा बिमार होता तवा.”

कृष्णराव हा सत्यभामाबाईंचा एकुलता भाऊ. साकोलीच्या पलीकडं सोनेगावला शेती करायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती.

“मी सयपाकखोलीतून म्हणलं होतं. दादाचं काही खरं नाही, मले एक डाव नेऊन द्या. तुम्ही पेपर वाचत होते. दोनदा म्हणलं. तुम्ही पेपर ठेवला, डबा घेतला अन् ड्यूटीवर गेले.”

देवरावांना तो दिवस आठवत नव्हता. त्यांना आठवत होता नंतरचा दिवस, मातीला जाताना बसमधला. सत्यभामाबाई खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या आणि सगळ्या रस्त्यात एक शब्द बोलल्या नव्हत्या. दुःख आहे, बोलू नये, असं समजून तेही गप्प बसले होते.

“मंग पुन्हा काहून नाही म्हणलं?”

“मले वाटलं तुमचं मन नाही.”

एवढंच बोलून त्या गॅसवर भाजी आहे म्हणून उठल्या. देवराव एकटेच राहिले. आपल्या मनात जे नव्हतं ते आपल्याच घरात इतकी वर्षं खरं मानलं गेलं, आणि आपल्याला त्याची चाहूलही नाही. यात आता कोणाला काय समजावायचं, हे त्यांना कळेना.

पुढच्या आठवड्यात नरेश त्यांना दुर्गला डॉक्टरकडं घेऊन गेला. डाव्या कानात मशीन बसलं. उजव्यात बसवून फायदा नव्हता. सुरुवातीला ते मशीन त्यांना नकोसं व्हायचं, ताटात वाटी ठेवली तरी डोक्यात घण पडल्यासारखं वाटे. सवय व्हायला लागली तसं त्यांनी एके दिवशी सत्यभामाबाईंना म्हटलं, “चाल, सोनेगावले जाऊ. वैनीले भेटून येऊ.”

“आता?”

“गाडी हाये ना.”

सत्यभामाबाईंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली.

अशी ती गाडी पहिल्यांदा निघाली. राजनांदगाव मागं पडलं, जंगलाचा घाट उतरला, महाराष्ट्राच्या पाट्या लागल्या. देवरीच्या पुढं देवरावांनी मोकळ्या जागी गाडी उभी केली, टपावर चढून अँटेना आग्नेयेकडं फिरवला आणि रेडिओ लावला. बाईचा आवाज स्पष्ट आला. ती कुठल्याशा गावच्या श्रोत्यांची नावं वाचत होती. देवरावांनी ती सगळी नावं लक्ष देऊन ऐकली. सत्यभामाबाई शेगडीवर चहा करत होत्या. त्यांनी नावं ऐकली की नाही, कोण जाणे.

सोनेगावात कृष्णरावांची बायको कौशल्याबाई एकटीच राहत होती. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, देवरावांना अंगणात खाट टाकून दिली, आणि नणंदेला घेऊन आत गेली. देवराव खाटेवर बसले. गोठ्यातली गाय कान हलवत होती, त्याचाही फटफट आवाज त्यांना येत होता. स्वयंपाकघराची भिंत कुडाची होती.

“तवा बहिणीले आणून द्याले माणसाले टाइम नव्हता,” कौशल्याबाई म्हणत होती. “अन् आता पलंग लावून गाडी घेऊन आले.”

“त्यायले आयकू नव्हतं आलं वैनी.”

“शेवटपर्यंत दाराकडं पाहत होते तुमचे दादा. माही सत्यभामा आली का म्हणे. आयकू नव्हतं आलं, हे त्यायले सांगाचं होतं का मी?”

त्यावर उत्तर आलं नाही. पूर्वीचे दिवस असते तर देवरावांना वाटलं असतं, सत्यभामाबाई हळू आवाजात काही बोलल्या असतील, आपल्याला ऐकू आलं नसेल. आता कानात मशीन होतं. त्या बोलल्या नव्हत्या. देवरावांचा हात कानाकडं गेला, मशीनचं बटण बोटाला लागलं. त्यांनी ते बंद केलं नाही. आतल्या भांड्यांचे आवाज ऐकत ते तसेच बसून राहिले.

सकाळी निघायच्या वेळी सत्यभामाबाई पिशवी न घेताच बाहेर आल्या.

“मी राहीन इथं काही दिवस,” त्या म्हणाल्या. “वैनी एकटी हाये. तुम्ही जा.”

“घ्याले येऊ?”

“मी येईन बसनं.”

देवराव एकटे परतले. पाहिजे तिथं थांबता येत होतं, पण ते कुठं थांबले नाहीत. रेडिओ लावला नाही.

त्यानंतर ते घरात झोपायला लागले. मोना पाठ करायला बसली की तिचे पाढे त्यांना ऐकू येत. रीनाच्या बांगड्या, मोरीतला नळ, नरेशचं फोनवरचं हसणं. त्या घरात सारखं कोणी ना कोणी बोलत असे. आपण बाहेर गाडीत बसलो होतो तेव्हाही हे असंच चाललेलं असणार, हे त्यांच्या मनातून जाईना. एकदा रीना नरेशला म्हणाली, “पापा के बिना घर कितना खाली लगता था ना,” तेही त्यांनी ऐकलं. ऐकलं असं मात्र तिला कळू दिलं नाही.

सत्यभामाबाई आल्या तेव्हा दिवाळीनंतरची थंडी पुरी पडली होती. देवराव दुर्गच्या बसस्टँडवर गाडी घेऊन गेले. त्या चढल्या, पुढच्या सीटवर त्यांच्या डाव्या अंगाला बसल्या, आणि बरंच अंतर गेल्यावर बोलायला लागल्या. वैनीच्या गाईची गोष्ट, धानाची गोष्ट, कोण्या पोरीचं लग्न ठरल्याची गोष्ट. भावाचं नाव त्यात नव्हतं, पुढंही त्यांनी ते कधी काढलं नाही. त्यांचा आवाज होता तसाच, हळू. जुन्या इंजिनाच्या घरघरीत त्यातलं अर्धं देवरावांपर्यंत पोचत नव्हतं.

“काय म्हणलं?” देवरावांनी विचारलं.

सत्यभामाबाई जरा त्यांच्याकडं वळल्या आणि त्यांनी पुन्हा सांगितलं.