लहानू मिस्त्रींची तराई

बोरगाव मेघेतल्या निम्म्या घरांच्या भिंती लहानू मिस्त्रींनी बांधल्या आणि उरलेल्या निम्म्या भिंतींना ते नावं ठेवतात. गुडघ्यांनी काम सोडायला लावलं, पण नजर सुटली नाही. कोणाकडे गेले की खुर्चीत बसायच्या आधी ते बोटाच्या पेरानं भिंत वाजवून बघतात. आवाज पोकळ आला की त्या घरचा चहा त्यांना फिका लागतो. नाचणगावला बहिणीच्या सुनेनं एकदा विचारलंच, "मामाजी, आमची तब्येत कधी विचारता? का भिंतीचीच?"

अशा माणसाच्या घरात भावना नावाची लेक जन्मली, आणि तिनं भोकं पाडण्यात पीएच.डी. करायची ठरवली.

अपघातात किंवा आजारात हाडाचा तुकडा गेला, तर त्या जागी बसवायचा सच्छिद्र सांगाडा ती बनवते. अंड्याच्या टरफलांपासून प्रयोगशाळेत तयार केलेली पांढरी पूड पाण्यात दाट कालवायची, चिकटपणासाठी थोडा डिंकासारखा पदार्थ घालायचा. त्यात स्पंजचे ठोकळे बुडवून जास्तीचं पिळून काढायचं. सुकले की भट्टीत भाजायचे. स्पंज जळून जातो आणि मागे हाडासारखी जाळी उरते. तिच्या भोकांतून पेशी आत शिरतात, रक्तवाहिन्या येतात, हळूहळू नवं हाड भरत जातं.

तिनं हे घरी समजावून सांगितलं, तेव्हा लहानूजींनी चष्मा काढून ठेवला.

"म्हंजे भोकं मुद्दाम ठेवाची?"

"हो बाबा."

"आरपार?"

"आरपार. अन् एकमेकाले जोडलेली."

"आमच्या ठेकेदारानं असं केलं असतं त जेलात गेला असता."

भावनाची आई, जिजाबाई, मेथी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जन्मभर बापानं बुजवली, आता पोरगी पाडून राह्यली. घरातल्या घरात काम पुरते."

यंदा मे महिन्यात कॉलेजला सुट्टी होती. भट्टी तेवढी शनिवारी मिळणार होती, आणि सोमवारी नागपूरच्या यंत्रावर ठोकळे दाबून बघायची भावनाची पाळी होती. सांगाडा किती भार सोसतो, हे तो चिरडल्याशिवाय कळत नाही. ही तारीख हुकली की पुढची थेट दिवाळीनंतर, आणि प्रबंधाची मुदत त्याआधीच संपत होती. म्हणून तिनं ठोकळे घरीच केले, गच्चीवरच्या खोलीत पाटावर ओळीनं सुकत ठेवले आणि गाइडना भेटायला नागपूरला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, लक्ष ठेवजा. मांजर येते."

मांजर आली नाही. लहानूजी मात्र सारखे वर जात राहिले. बाहेर वर्ध्याचं ऊन, आत ताजं, ओलं, पांढरं काम, आणि त्यावर पाण्याचा थेंब नाही. ताज्या बांधकामावर पाणी मारत राहणं, म्हणजे तराई, ही त्यांनी आयुष्यात एकदाही चुकवलेली नव्हती. लेकीच्या कामाची काय म्हणून चुकवायची? त्यांनी कुंड्यांना पाणी घालायची पिचकारी शोधली आणि सकाळ-संध्याकाळ, अगदी हलक्या हातानं, एकेका ठोकळ्याला पाणी दिलं.

भावना परतली तेव्हा ठोकळ्यांच्या माथ्यावर नुसता पिवळा स्पंज उरला होता आणि तळाशी चिखल साचला होता.

"बाबा, यावर पाणी कोनं टाकलं?"

"टाकलं नाई. तराई केली."

ती खालीच बसली.

"भेगा पडल्या असत्या, बाई," लहानूजी म्हणाले.

"पडू द्याच्या होत्या."

असं वाक्य त्यांनी कोणाच्याही तोंडून आजवर ऐकलं नव्हतं.

पूड अजून एका खेपेपुरती होती. भावनानं त्याच संध्याकाळी ती कालवली. लहानूजींना गप्प बसवेना. त्यांनी मदत म्हणून एक ठोकळा हातात घेतला आणि पिळायच्या ऐवजी सगळ्या बाजूंनी लिंपून गुळगुळीत करून दिला. भावनानं तो बाजूला ठेवला आणि बाकीचे स्वतः पिळले.

आता पूड संपली होती. आणि दुसऱ्याच दिवशी भावनाला भट्टीच्या तयारीसाठी कॉलेजात जायचं होतं, जिजाबाईंना भाच्याच्या लग्नाला जाम गावी. घरी राहणार होते एकटे लहानूजी.

"पिचकारी, बादली, मग्गा, सारं शेजारच्या अण्णाजीकडे ठेवून जातो मी," जिजाबाईंनी लेकीला धीर दिला.

"मी का लहान लेकरू हाओ?" लहानूजी म्हणाले.

जिजाबाई पिचकारी शोधायला उठल्या.

दुपारी भावनाचा फोन वाजला. शेजारचे अण्णाजी बोलत होते. "भावना, तुझे बाबा सकाळपासून आमच्या कंपाउंडच्या भिंतीले पाणी मारून राह्यले. कवाची वाळली ते भिंत. काय करू?"

"मारू द्या, काका," भावना म्हणाली. "टाकी संपली त आमच्या घरून घ्या."

लहानूजी मधूनमधून गच्चीवर जात होते. एका ठोकळ्यावर केसाएवढी भेग दिसली, तेव्हा ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून पायरीवर बसले. मग उठून पुन्हा अण्णाजींकडे गेले.

शनिवारी ठोकळे भाजून निघाले. सोमवारी दुपारी नागपूरहून फोन आला.

"बाबा, फुटले."

लहानूजींनी भिंतीचा आधार घेतला. "सारे?"

"सारे. पण जेवढा भार सोसाले पायजे होता ना, त्याच्या वर जाऊन फुटले."

"म्हंजे चांगलं का वाईट?"

"चांगलं, बाबा. झालं माझं काम."

फोन ठेवून ते स्वयंपाकघराच्या दारात आले. जिजाबाईंनी विचारलं, "काय म्हणते?"

"फुटले म्हणते. खुश हाये."

"मंग तुमचं तोंड काऊन असं?"

"पहिल्यांदा मी कामाले हात नाई लावला," लहानूजी म्हणाले, "अन् काम पास झालं."

"घरातल्या कामाले तुमी लग्नापासून हात नाई लावला," जिजाबाई म्हणाल्या. "त्याले कोनी पास म्हणलं नाई."

लहानूजींनी गॅसवर चहाचं आधण ठेवलं, आणि साखर कुठं असते ते विचारलं.