मानेपुरती डाय

माझे सासरे दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात छत्तीस वर्षं होते. तिथे नक्की काय करत, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. गुप्ततेच्या कागदावर सही केली होती म्हणे. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना कतारला, बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटवर आणलं. तिथे ते दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या इमारतीचे एसी मोजत. जेवा म्हटलं की जेवत. बोलत नसत. हे असेच विझून जाणार, अशी मला धास्ती लागली होती.

माझे कतारी मॅनेजर हौशी नेमबाज. शहराबाहेर, समैस्मा गावातल्या आपल्या व्हिलात त्यांनी वापरलेली काडतुसं पुन्हा भरायचं यंत्र मांडलंय, परवाने भिंतीवर फ्रेम करून. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीची फक्त मान आवळणारा साचा, म्हणजे डाय, त्यांना काही केल्या बसवता येईना. मी सासऱ्यांचं बोलून गेले आणि त्यांनी शुक्रवारी बोलावलंच.

"बघीन," बाबा म्हणाले. "बोलणार नाही."

कारखान्याच्या फाटकावर काढावं तसं दारातच त्यांनी पट्टा, घड्याळ, मोबाइल काढून ठेवला. मी कानातले काढेपर्यंत माझ्याकडे बघत उभे राहिले. मग सहीला रजिस्टर मागितलं. ते नव्हतं, म्हणून मॅनेजरनी मुलीची चित्रकलेची वही आणली. बाबांनी उंटाच्या चित्राखाली वेळ टाकून सही केली.

"बारूद बाहर रखो," ते म्हणाले. ऑफिसचा आख्खा मजला ज्यांना टरकतो, ते माझे मॅनेजर मुकाट्याने डबा बाहेर ठेवून आले.

बाबांनी पुंगळीची मान मार्करने काळी केली, डाय थोडी खाली फिरवली, दांडा दाबला. काळं कुठवर पुसलंय ते पाहिलं. पुन्हा थोडी फिरवली. "पुंगळीच्या खांद्याला लागता कामा नये," हे ते मराठीत बोलले, बहुधा स्वतःशीच. पाचव्या पुंगळीला त्यांनी नट आवळला.

"खलास!" झालं एकदाचं म्हणून मॅनेजर खूश झाले. यूट्यूबवर असंच दाखवतात पण आपल्याला जमत नव्हतं, असं म्हणत त्यांनी व्हिडिओ लावला. कोणी टोपीवाला गोरा तेच करत होता, मार्करसकट. बाबांनी तो उभ्याने शेवटपर्यंत पाहिला.

परतताना गाडीत ते म्हणाले, "तुझी सासू रोज विचारायची गं. डबा घासताना. आज काय केलंत म्हणून."

"मला सांगा ना, बाबा."

"तुला काय सांगू? तू पाहिलंस."