बुधवारी ऐकलेलं

केंटकीच्या डोंगरातल्या ज्या खोऱ्यात रेनेटा स्परलॉक जन्मली, तिथल्या चर्चमध्ये वाद्य नव्हतं. माणसं नुसत्या गळ्यानं गात. आई लवकर गेली, म्हणून रेनेटाला ओलेटा आत्यानं वाढवलं. पहिली गिटारही आत्यानंच आणून दिली.

विसाव्या वर्षी रेनेटा नॅशव्हिलला, गाण्यांच्या धंद्याच्या शहरात गेली. सकाळी हॉटेलात टेबलं पुसायची, दुपारी गाणी लिहायला बसायची. तिथं गाणं सहसा एकट्यानं लिहीत नाहीत. तिघं एका खोलीत बसतात, आणि दिवस मावळायच्या आत गाणं उभं राहावं लागतं. अशी सहा वर्षं गेली. जत्रांमधून गायली, पण नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मग एका दुपारी कुणालाच काही सुचेना, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे एक बाई नवऱ्याच्या पाठदुखीच्या गोळ्या पिठाच्या डब्यात लपवायची. पोटच्या पोरापासून."

बाकीचे दोघं ताठ बसले. "अगं, हेच गाणं!"

ती बाई म्हणजे ओलेटा आत्या. बुधवारच्या प्रार्थनेत तिनं हे रडत सांगितलं होतं. तिथं ज्यानं त्यानं आपलं दुःख उभं राहून सांगायचं, बाकीच्यांनी ते देवापुढे ठेवायचं. दाराबाहेर ते जात नाही. असा नियम कुणी कधी केला नव्हता, करायची वेळच आली नव्हती.

रेनेटाला हे ठाऊक होतं. तरी तिनं गाणं पुरं केलं.

रेनेटाच्याच आवाजात गाणं रेडिओवर गाजलं. आत्याचा मुलगा डेल तेव्हा दोन वर्षं गोळ्यांच्या नशेपासून लांब होता, लाकडाच्या गिरणीत कामाला जात होता. रेनेटा कुणाच्या घरी वाढली हे तिथं सगळ्यांना ठाऊक. जेवणाच्या सुट्टीत गाणं लागलं आणि कुणीतरी ओरडलं, "डेल, आईच्या हातची बिस्किटं जपून खा रे, गोळी लागायची दाताखाली!" सगळे हसले. डेलला डब्याचं माहीतच नव्हतं. घरी येऊन त्यानं आईला एवढंच विचारलं, "आई, मला चोर समजत होतीस?" आणि ओहायोकडे निघून गेला. आठ महिने झाले, त्याचा पत्ता नाही.

हे रेनेटाला आत्याच्या शेजारणीकडून कळलं. पुढच्याच बुधवारी ती घरी आली.

चर्चच्या दारात एक म्हातारी म्हणाली, "टीव्हीवर बरीच जाड दिसतेस गं!" तेवढंच कुणी मोकळं बोललं. पाळकांनी विचारलं, "प्रार्थनेसाठी कुणाच्या काही विनंत्या?" एक हात वर झाला. "अबोल."

सांगवत नसेल तर तिथं इतकंच म्हणतात. एरवी असे एखाद-दोघं. आज एकामागून एक सगळ्यांनी हात वर केला, सगळ्यांचं अबोल. दर आठवड्याला गुडघ्याची कहाणी पंधरा मिनिटं लावणारे होबार्टकाकासुद्धा म्हणाले, "अबोल," आणि रेनेटाकडे बघून खाली बसले. आत्याही तेच म्हणाली.

रेनेटाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ती उठली. "माझी आहे, सांगण्यासारखी. इथं ऐकलेलं मी जगाला गाऊन दाखवलं. डेल माझ्यामुळे गेला. त्याच्यासाठी प्रार्थना करा. माझ्यासाठी नाही केली तरी चालेल."

मग आत्या समोर बघतच म्हणाली, "छान बोललीस. आता याचंही गाणं करशील."

"नाही गं आत्या."

"मग आम्हाला कशाला सांगतेस? तूच कर त्याच्यासाठी. आत्ता. मोठ्यानं."

रेनेटानं डोळे मिटले. दुपारभरात गाणं उभं करणाऱ्या बाईला एक वाक्य जुळेना. "देवा, डेल..." म्हणून ती थांबली. पुन्हा म्हणाली, पुन्हा थांबली. आत्यानं शब्द पुरवला नाही, पण उठूनही गेली नाही.

"देवा, तो जिथं असेल तिथं आज जेवलेला असू दे."

सगळे आत्याची वाट बघत राहिले. शेवटी, रेनेटाकडे न बघता, आत्या "आमेन" म्हणाली.