शोभाच्या कार्डात भरलेली गाणी

सोमवारी सकाळी शोभा गेली. गुरुवारी सकाळी मी तिचे सगळे व्हिडिओ पुसले.

शोभा माझी बायको. परभणीत स्टेशन रोडला माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. पुसले गेलेले फोटो आणि व्हिडिओ परत काढून देणं हेही माझंच काम. आम्ही त्याला रिकव्हरी म्हणतो. लोकांची लग्नं, बारशी, साखरपुडे मी असे परत काढून दिले आहेत. म्हणून हे माझ्याच हातून कसं झालं, ते आधी सांगायला हवं.

आमच्यात सुतक पाळत नाहीत. सोमवारी दुपारी माती दिली आणि गुरुवारी मी दुकान उघडलं. तसं एक कामही होतं. आमची मुलगी राजश्री नांदेडला असते. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलेलं. शोभा वर्षभर डायलिसिसवर होती. 'मी असले तर बरंच, नसले तर पोरीला दिसायला पाहिजे,' असं म्हणून तिनं माझ्याकडून नऊ व्हिडिओ काढून घेतले. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ कसं घालायचं, शेक कसा द्यायचा, दुपट्यात कसं गुंडाळायचं, डिंकाचे लाडू कसे वळायचे. बाळाच्या जागी गुंडाळलेला टॉवेल. मधेच ती माझ्यावर ओरडायची, "बाळाकडं धरा की फोन. माझ्या तोंडाकडं काय बघायलाव?"

सगळे झाले की एकदम पाठवू, असं तिचं म्हणणं. त्यामुळे ते कुणालाच गेले नव्हते. तिच्या फोनमधल्या मेमरी कार्डात होते, तेवढेच.

मातीला आलेल्या राजश्रीला तिच्या सासूबाई मंगळवारी परत घेऊन गेल्या. निघताना मला म्हणाल्या, "आता बाळंतपण आमच्याकडंच करू. तुमी एकटे माणूस, काय करणार?"

राजश्री म्हणाली, "आईनं सगळं शूट करून ठेवलंय ना अप्पा? मग मी इकडंच येणार."

मी मान हलवली. त्या व्हिडिओंची कॉम्प्युटरवर कॉपी करून तिला पाठवायची, यासाठीच मी गुरुवारी दुकानात गेलो होतो.

शोभाच्या फोनमधलं कार्ड काढून टेबलावरच्या रबरी मॅटवर ठेवलं. एवढ्यात गणेश आला. तो पाथरीला भाविकांची जीप चालवतो. आमच्याकडे जीपवाले अजून कार्ड भरून नेतात; म्हणजे रिकाम्या कार्डात तीन-चारशे गाणी टाकून घेतात. त्यानं त्याचं कार्ड शेजारी ठेवलं. दोन्ही काळी, नखाएवढी. तेवढ्यात गल्लीतले चौघे भेटायला आले. मी उठून बाहेर गेलो, त्यांच्याशी बोललो, परत येऊन बसलो. मॅटवर एक कार्ड होतं. ते रीडरमध्ये घातलं, फॉरमॅट केलं, गाण्यांचा फोल्डर ओढून टाकला. दिवसातून दहा वेळा हे करतो. त्यात डोकं लागत नाही.

कॉपी निम्म्याच्या जवळ आली तेव्हा गणेश चहा पिऊन दारात आला.

"काका, आज राहू द्या. तुमच्याकडं माणसं येऊ लागलीत. मी कार्ड उचलून नेलं बरं का मघाशी."

"कोणतं कार्ड?"

"माझं. हे काय." त्यानं बोटाच्या चिमटीत धरून दाखवलं. "तुमी कोणाचं भरायलाव?"

मी कॅन्सल दाबलं. कार्ड रीडरमधून काढलं आणि हातात धरून उभा राहिलो. गणेशनं मला खुर्चीत बसवलं आणि समोरच्या दुकानातून सलीमभाईंना बोलावून आणलं. सलीमभाई चिप लेव्हलचं काम करतात, म्हणजे फोनच्या बोर्डावरचा तिळाएवढा भाग उपटून दुसरा बसवतात. ते आले, कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"किती गाणी आत गेली?"

"दीडशेच्या वर."

"फक्त दीडशे ना? मग रडता कशाला मियां? कार्ड केवढं हाय?"

फॉरमॅट केलं की सगळं जातं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. कार्ड म्हणजे ग्रंथालय समजा. फॉरमॅट केल्यानं फक्त कॅटलॉग फाटतो. पुस्तकं कपाटात जिथल्या तिथं असतात, फक्त ती कुठं आहेत हे कुणाला ठाऊक नसतं. मात्र नवं पुस्तक आलं की ते जुन्याच्या जागी ठेवलं जातं, आणि ते जुनं मग कुठल्याच सॉफ्टवेअरला सापडत नाही. म्हणून गिऱ्हाइकाला आम्ही पहिलं वाक्य सांगतो ते हे: पुसलं गेलं ना, मग आता हात लावू नका. मी हात लावून दीडशे गाणी आत घातली होती. ती नेमकी कशावर बसली, एवढाच प्रश्न होता.

सलीमभाईंनी मला माऊसला शिवू दिलं नाही. "आज तुमी गिऱ्हाईक. तिकडं सरका." त्यांनी आधी कार्डाची इमेज घेतली. इमेज म्हणजे रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट हुबेहूब प्रत. पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करायचं. मूळ कार्ड पाकिटात बंद. मग स्कॅन लावलं. गणेश खिडकीशी उभा होता. रस्त्यावरून त्याच्या जीपचा हॉर्न कुणीतरी दोनदा वाजवला.

"भाविक खोळंबलेत तुझे," मी म्हणालो.

"बसू द्या. मला बघायचंय."

आधी फोटो यायला लागले. जिंतूरचं लग्न, राजश्रीची दहावी, विजेचं बिल. मग व्हिडिओ. पहिल्याला सलीमभाईंनी क्लिक केलं. काळा पडदा. दुसरा, काळा पडदा. तिसऱ्याला टॉवेल दिसला आणि शोभाचा आवाज आला, "असा एक कोपरा खाली दुमडायचा."

आम्ही तिघंही हसत ओरडलो. शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला. त्याला वाटलं शॉक लागला. दुकानाबाहेर दोघेजण नुकतेच मला भेटायला येत होते, ते दारातच थबकले. बायकोला जाऊन चौथाच दिवस, आणि माणूस असा हसतोय. मी त्यांना आत बोलावून स्क्रीन दाखवली.

नऊपैकी चार व्हिडिओ धड निघाले. तीन सापडले पण उघडत नव्हते. दोन नव्हतेच.

धड निघालेल्या चारांत न्हाऊ घालायचा नव्हता. राजश्रीला हवा होता तो तोच.

व्हिडिओच्या फाइलमध्ये एक अनुक्रमणिका असते. कोणतं चित्र कुठं, कोणता आवाज कुठं. फोन ती सगळ्यात शेवटी लिहितो. शेवटावर गाणं बसलं, तर अलीकडचं सगळं शाबूत असूनही फाइल उघडत नाही. पण त्याच पद्धतीनं काढलेला एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून दिला, तर त्यावरून नवी अनुक्रमणिका बांधता येते. सलीमभाईंनी घाईघाईत आपल्या फोनमधला व्हिडिओ नमुना म्हणून लावला. सगळं चित्र हिरवं दिसलं.

"तुमचा नको," मी म्हणालो. "तोच फोन पाहिजे. दुपट्याचा लावा."

"अरे हां. भाभींचाच लावतो. भाभीच भाभींना दुरुस्त करतील."

मी खुर्ची पुढं ओढली. रेघ सरकत सरकत टोकाला गेली. पहिल्यात नुसता आवाज आला, चित्र नाही. दुसरा आला. तिसऱ्यात परात दिसली, मग शोभाचे पाय, पायांवर टॉवेल. "पाणी आधी कोपरावर घालून बघायचं. अन् घाई न्हाई करायची. रडलं तर रडू द्यायचं."

गणेशनं टाळी वाजवली आणि म्हणाला, "काका, आता जातो. नाहीतर भाविकच जीप घेऊन जातील."

तो व्हिडिओ पुढं एका ठिकाणी थांबला. "आता पालथं घ्यायचं. हात असा..." इथं. त्यानंतरच्या दोनेक मिनिटांवर गाणं बसलं होतं. आम्ही दुपारभर तऱ्हेतऱ्हेचे स्कॅन लावले. काही निघालं नाही. मी त्याच दिवशी सात व्हिडिओ राजश्रीला पाठवले आणि जे केलं ते फोनवर सांगितलं. तिनं आलेले व्हिडिओ मोजले. मग म्हणाली, "सात तर हाईत ना. मी येतेय."

ती आली. मुलगी झाली. नाळ पडेपर्यंत अंगावर पाणी घालू नका, असं दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं होतं. नाळ पडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी राजश्री न्हाणीत पाय लांब करून बसली. फोन मी धरला. शोभा सांगत गेली, राजश्री करत गेली. बाळ किंचाळत होतं. "हात असा..." आणि व्हिडिओ थांबला.

"अप्पा, पुढं?"

"पुढं न्हाई."

"शूटिंग कोणी केलं?"

"मी."

"मग सांगा की! पोरगी गारठायलीय."

मी फोन खाली ठेवला. शोभानं त्या दिवशी ते दोनदा करून दाखवलं होतं. पहिल्यांदा माझं बोट लेन्सवर आलं म्हणून, आणि त्याबद्दल मी बोलणीही खाल्ली होती. दांडीवरचा टॉवेल घेतला. डावा तळवा छातीखाली, अंगठा काखेत, तोंड पाण्यापासून बाजूला. राजश्रीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाळाला तसंच पालथं घेतलं. पाठीवर पाणी पडलं तसं बाळ गप्प झालं.

आता गिऱ्हाइकानं आणलेलं प्रत्येक कार्ड मी आधी पाकिटात घालतो, वर नाव लिहितो आणि मगच मॅटवर ठेवतो. कुणी काही नवीन शूट केलं असं म्हणालं, तर त्याच दिवशी दुसरीकडं कॉपी करायला सांगतो. बहुतेक जण हो म्हणतात आणि करत नाहीत.

आमच्याकडे आता सात व्हिडिओ आहेत. त्यांच्या तीन प्रती आहेत. सातांपैकी एकात चित्र नाही, एकात शेवट नाही, आणि न निघालेल्या दोनांत लाडवांचा होता.