खोली दाखवणारा माणूस

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत खोल्या भाड्यानं लावून देणारा एक माणूस आहे. खोली रिकामी असली तरी आधी चपला दाराबाहेर काढतो, मग नळ सोडून पाहतो, खिडक्या उघडतो-लावतो आणि प्रत्येक वाक्य "तसं पाह्यलं तं" असं सुरू करतो.

मी पहिल्यांदा घरमालकीण झाले तेव्हाची माझी ऐट विचारू नका. गच्चीवर टिनाच्या छताची एक खोली काय बांधली, नियम मात्र राजवाड्याचे केले. त्यातला पहिला: कूलर लावायचा नाही, भिंतीला ओल येते. आणि हे वर्ध्याच्या मे महिन्यात! या माणसानं रात्रपाळीची एक नर्स आणली. तिला दिवसा झोपायचं होतं. कूलर नाही म्हटल्यावर पोरगी मुकाट्यानं पायऱ्या उतरायला लागली.

तो मला म्हणाला, "तसं पाह्यलं तं काकू, खोली झकास हाय. तुमी कधी दुपारी निजल्या का इथं?"

"मी काऊन निजू? माझं घर खाली हाय."

"दहा मिनटं पडून पाहा. मी पोरीले थांबवतो."

मी हट्टानं चटई टाकून पडले. वर टिन कडकडत होतं, खाली फरशी भाजत होती. चार मिनिटांत घामेघूम होऊन मी बाहेर आले. तो पायरीवर बसला होता. हसला नाही. खिशातून टेप काढून त्यानं खिडकीची रुंदी मोजली आणि खाली हाक मारली, "ताई, या वर. कूलर केवढा हाय तुमचा?"