कुलपाची चौकशी

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे ‘कुलूप’ म्हणतात. वेल्डर आहेत. डोळ्यांपुढे काळी काच धरली की दिवसभर ठिणग्यांशीच काय ते बोलणं. घरी आल्यावर मी विचारते, “काय केलं आज?” उत्तर ठरलेलं, “काम.” झालं! मग दोघांच्या वाटचं मीच बोलते.

तर ह्यांना बंद विभागात घ्यायचं ठरलं. तिथे काय बनतं देव जाणे, पण आत जायचं तर सुरक्षा चौकशी पार पडायला हवी. ह्यांचा सगळा जीव त्यात अडकलेला. “तसं बारीक जोडकाम दुसरीकडे नाही,” असं स्वतःहून बोलले, यावरून ओळखा! परदेशात कोण आहे, याचं उत्तरही ह्यांनी खरं दिलं. एक थोरली बहीण, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते.

मग एक साहेब गुपचूप गल्लीत आले आणि शेजारच्या काकूंना विचारू लागले, “माणसं कशी आहेत? परदेशात कोण कोण असतं?” काकूंना वाटलं, आमच्या लेकीला स्थळ आलं! असले प्रश्न दुसरं कोण विचारतं? काकू सुटल्या. “अहो, अर्धं खानदान तिकडेच! आत्या तर आहेच, शिवाय दोन मामा, एक काका. काकांचा तर बंगला! आणि एकमेकांचा शब्द म्हणून खाली पडू देत नाहीत!” वर मला येऊन टाळी मागितली, “पोरीचं काम फत्ते!”

मी कपाळावर हात मारला. मला भाऊ एकच, तो पुढच्या चौकात सायकली दुरुस्त करतो. आणि ह्यांना भाऊच नाही!

दुसऱ्या दिवशी साहेब दारात. “परदेशात नातेवाईक असले म्हणून बिघडत नाही. लपवलेले चालत नाहीत. हे तिघे कोण?”

ह्यांचा चेहरा पांढराफटक. मी काकूंना ओढतच आणलं. काकू म्हणाल्या, “मला काय ठाऊक! मला तुम्ही मुलाकडचे वाटलात. स्थळाला थोडं वाढवून सांगावंच लागतं की!” साहेबांनी हसू दाबायला खिडकीबाहेर पाहिलं.

तेवढ्यात ताईंचा कॉल. साहेबांनीच विचारलं, “तुमचा भाऊ काय काम करतो?”

“तुम्हाला कळलं तर मलाही सांगा! मेल्याचं लग्न ठरलं तेसुद्धा मला आईकडून कळलं!”

मी खो खो हसले. साहेब मात्र गंभीर झाले. ह्यांना म्हणाले, “उद्या तिकडे कोणी ताईंना धरलं आणि सोडायच्या बदल्यात तुमच्याकडे आतली माहिती मागितली, तर?”

 हे फोनमधल्या ताईंकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आधी तुम्हाला येऊन सांगेन. आई कामाला जायची, हिनेच वाढवलंय मला. हिच्यासाठी जीव देईन, तो माझा आहे. आतली माहिती माझी नाही.”

ताई पलीकडे रडायलाच लागल्या. “एवढं सगळं कुठे ठेवलं होतंस रे इतकी वर्षं?”

मंजुरी मिळाली! हे आता बंद विभागात जातात, आणि ताई कामाचं अवाक्षर विचारत नाहीत. “जेवलास का?” एवढंच. आणि आमचं कुलूप काय खुलतं म्हणता! पहिल्या घासापासून शेवटच्यापर्यंत सगळं सांगत बसतात. काल तर चक्क म्हणाले, “आज भाजीत मीठच नव्हतं गं ताई.”

अहो, घरातली माहिती बाहेर जातेय, आता मी कुठल्या साहेबांकडे तक्रार करू?