पोकळ अक्षरांचे पेंटर

पेंटर जेवायला बसले की आधी बोट पाण्यात बुडवायचे आणि ताटाशेजारी फरशीवर एक अक्षर काढायचे. अक्षर म्हणजे नुसती कड. आत काही नाही. ते वाळलं की दुसरं.

सुरतेजवळ डिंडोलीत माझी खानावळ होती, तिथे ते रोज जेवायला यायचे. मार्केटातल्या साडीच्या दुकानांचे बोर्ड रंगवायचे. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत तुम्ही सुरतेत राहिला असाल तर त्यांची अक्षरं पाहिली असतील. मोठी इंग्रजी अक्षरं, पाटाच्या खुरांसारखे जाड चौकोनी पाय आणि पोट रिकामं. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला इंग्रजी वाचता येत नाही. पण त्यांचं अक्षर रस्त्याच्या पलीकडून ओळखायचे.

माझा बोर्डही त्यांनीच लिहिला. 'खानावळ'मधल्या प्रत्येक उभ्या दांडीला खाली तसाच पाय काढला.

"काना नीट उभा राहायला नको का, बाई?"

बाकीचे जेवणारे मला मावशी म्हणायचे. पेंटर एकटे बाई म्हणायचे.

मी म्हटलं, "अर्धंच काम केलंत. आत लाल भरा."

लूमवर कापड विणणारा एक जण ओरडला, "पेंटर, रंग सरना का भो?"

सगळे हसले. तेही हसले. म्हणाले, "भरलेल्या अक्षरात चूक दडते, बाई. नुसत्या कडेत दडत नाही. ती एका दमात ओढावी लागते."

भरलं नाही ते नाहीच. हट्टी माणसाशी माझं जमत नाही. तरी त्यांची भाकरी मी सगळ्यांत शेवटी टाकायचे, तव्यावरून थेट ताटात.

पुढे मार्केटात मशीनवर कापलेली प्लास्टिकची अक्षरं आली. शेठ लोक तिकडे वळले. पेंटरना टेम्पोंच्या पाठी उरल्या. एक दिवस माझ्या दारातच टेम्पो रंगवत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले आणि पाहिलं, तर अक्षरं आतून भरलेली. वाकड्या कडा लाल रंगाखाली झाकलेल्या.

माझ्या तोंडाला लगाम नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "काय पेंटर, हात कापायला लागला वाटतं?"

लोक हसले. या वेळी ते हसले नाहीत. ब्रश डब्यात ठेवला, हात खिशात घातला आणि म्हणाले, "आज जेवण नको, बाई."

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. मी बोलले ते खरं होतं. खरं होतं म्हणूनच बोलायचं नव्हतं, हे मला कळायला आठवडा गेला.

मग दुपारची जेवणं उरकून डब्यात भरीत-भाकरी घेतली आणि शेजारच्या गोडादऱ्याच्या वस्तीत त्यांची खोली विचारत गेले. सांगणार होते, अक्षरं खुशाल भरा, पण जेवायला या.

खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "सामान घेऊन गेले ते. कुठे, ते नाही सांगितलं." मग माझ्या हातातल्या डब्याकडे बघून तिने विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?"

डबा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "माझ्याकडे जेवायचे ते."